एकीनं वाचायचं, एकानं दाबायचं

हुलसूरात दार वाजवून कुणी येत नाही. दार उघडंच असतं. येणारा चपला काढता काढताच आत हाक मारतो आणि हाक पुरी व्हायच्या आत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो. त्यामुळं त्या रविवारी सकाळी उघड्या दारावर कुणीतरी अंगठीनं टकटक केलं, तेव्हा तव्यापुढं बसलेल्या अंजूला बाहेर जाऊन बघायची गरज पडली नाही. असं दार वाजवणारी तिच्या माहितीत एकच बाई होती.

"बीदरच्या वैनी आल्या," ती म्हणाली, आणि तेवढ्यात भाकरी एका अंगानं करपली.

धनराज, तिचा नवरा, पाटावर बसून चहा पीत होता. खत-बियाणांचं दुकान रविवारी जरा उशिरा उघडायचं, एवढीच काय ती त्याची सुट्टी. करपलेली भाकरी त्यानं न सांगता आपल्या ताटात ओढली आणि चांगल्या भाकरी पाहुण्यांना ठेव म्हणाला.

अंजू हात पुसत बाहेर आली. दारात भावजय शिवलीला, आणि तिच्यामागं गाडी स्टँडवर लावणारा भाऊ व्यंकट. ना नागपंचमी, ना दिवाळी, ना कुणाचं लग्न. भाऊ नुसताच आला होता. अंजूचा चेहरा असा उजळला की समोरच्या ओट्यावर बसलेल्या बाणूबाईनंसुद्धा मान वर करून पाहिलं. बघू दे, अंजूला वाटलं. एरवी भाऊ येतो तो साडी घेऊन, कारणानं येतो.

तिनं चुरमुरे भिजवून सुशीला केला, वर शेंगदाण्याचा कूट जरा सढळ हातानं घातला, कारण व्यंकटला तो तसाच आवडायचा. व्यंकट खात होता, पण त्याची नजर ताटात नव्हती. ती सारखी अंजूच्या कपाटावर जात होती. कपाटावर विणलेल्या रुमालाखाली एक टेपरेकॉर्डर होता. लग्नात अप्पांनी दिलेला.

"अंजू," शेवटी तो म्हणाला, "त्यो टेप चालतो का गं अजून?"

तर असं होतं. भाऊ कारणानंच आला होता.

कारण शिवलीलानं सांगितलं. ती कलबुर्गीची, कानडी शाळेत शिकलेली. मराठी ती लग्नानंतर शिकली, पण अशी शिकली की ऐकणाऱ्यानं ऐकत राहावं. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर जुन्या गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी तिच्या हाती लागलं. काळी, वहीएवढी पेटी, वर रबराची करडी बटणं. भंगारात द्यायची का म्हणून विचारलं, तर हे ती पेटी लेकरासारखी उराशी धरून तासभर बसले. मग कुठल्या कुठल्या देशातून बटणांखालचा प्लास्टिकचा पापुद्रा मागवला, आतले फुगलेले भाग बदलले, जुना डब्ब्यासारखा टीव्ही शोधून आणला. आता फोनवर यांच्यासारख्याच वेड्या माणसांचा एक ग्रुप आहे. हैदराबादचे, पुण्याचे. सगळे पन्नाशीचे, सगळ्यांना लहानपणचं ते आठ-बिटी मशीन, टीव्हीला जोडायचा तो जुना कॉम्प्युटर, पुन्हा पायजे. बाकीचे लोक फोनमधूनच आवाज सोडून मशीनला प्रोग्राम पाजतात, पण यांना ते नको. यांना टेपच पाहिजे, आणि तोही तोच.

"रोज संध्याकाळी आमचा हाच उद्योग," शिवलीला हसत म्हणाली. "मी वाचते, हे दाबतात."

अंजूच्या हातातली चहाची किटली जिथल्या तिथं थांबली.

धनराजला यातलं काही कळत नव्हतं. वाचते म्हणजे काय वाचते, त्यानं विचारलं. शिवलीलानं मग त्याला करूनच दाखवलं. मान ताठ केली, पुढ्यात कागद असल्यासारखा हात धरला आणि म्हणाली, "नागोबा, रूळ, डूल घाल. डूल काढ. टिकलीखाली शेपूट."

धनराज ठसका लागेपर्यंत हसला. व्यंकटही हसला. अंजूनं चहा ओतला. आपल्या पेटीतलं, आपण जपून घडी घालून ठेवलेलं लुगडं दुसरीच्या अंगावर दिसावं, आणि वर ते तिला शोभावं, तसं तिला झालं होतं. कारण डूल तिचे होते. नागोबा तिचा होता. ती शेपूटसुद्धा तिचीच.

*

अंजूचं माहेर मेहकर हे भालकी तालुक्यातलं गाव, आणि अप्पा, म्हणजे तिचे वडील अंकुशराव, तिथले बऱ्यापैकी शेतकरी. त्यांनी सीमेवरच्या माणसाच्या हिशेबानं लेकरांची वाटणी केली होती. पोराला नोकरी इथंच करायची, म्हणून व्यंकट कानडी शाळेत. पोरगी उद्या उदगीर-लातुराकडं द्यायची, म्हणून अंजू मराठी शाळेत. एका चुलीवर जेवणारी दोन भावंडं वेगवेगळ्या लिपीत अभ्यास करायची आणि भांडण तेवढं दोन्ही भाषांत करायची.

पुण्याच्या मामानं ते मशीन आणलं तेव्हा अंजू सहावी-सातवीत असेल. मामाच्या पोराचं त्यावरचं मन उडालं होतं. अख्ख्या मेहकरात तसली वस्तू कुणी पाहिली नव्हती. टीव्हीला जोडायचं, टेपरेकॉर्डरला जोडायचं, आणि कॅसेट लावली की टेपमधून कर्रर किर्रर असा आवाज सुटायचा आणि पडद्याच्या कडेनं पट्टे पळायचे. पहिल्यांदा तो आवाज ऐकून आई, सत्यभामाबाई, पिठाच्या हातानं धावत आली होती. हळदीच्या गाण्यांची कॅसेट पोरांनी खाल्ली, असं तिला वाटलं.

मामानं सोबत इंग्रजी मासिकांचा गठ्ठा दिला होता. त्यांत खेळ छापलेले असायचे. चित्रं नाहीत, नुसत्या ओळी. शब्द, खुणा आणि आकडे. त्या ओळी जशाच्या तशा मशीनवर टाइप केल्या की खेळ तयार. पण बटणं बघायची की कागद? एकट्याचं ते काम नव्हतं. एकानं वाचायचं, एकानं दाबायचं. कुणी काय करायचं याची चर्चा झाली नाही. मशीन व्यंकटचं होतं.

मग अंजू वाचायची. त्या खुणांना इंग्रजीत काय म्हणतात हे दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून तिनंच नावं ठेवली. शब्दाच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या दोन-दोन रेघा म्हणजे डूल. वळसे घेतलेली डॉलरची खूण नागोबा. एकाखाली एक आडव्या दोन रेघा म्हणजे रूळ. कंस म्हणजे विळा आणि उलटा विळा. टिंबाखाली स्वल्पविराम म्हणजे टिकलीखाली शेपूट. आकड्यांचा घोटाळा तर वेगळाच. अंजूनं एकोणसत्तर म्हटलं की सत्तर आणि वर नऊ असंच व्यंकटच्या डोक्यात शिरायचं आणि तो एकोणऐंशी दाबून मोकळा व्हायचा. शेवटी अंजूनंच त्याच्या पुस्तकावरून कानडी आकडे पाठ केले. अरवत्तोंबत्तु, साठ आणि नऊ, म्हटलं की भाऊ चुकत नसे. वाचून झालं की खेळ सुरू करायच्या आधी ती सांगायची, "आधी टेप." म्हणजे केलेलं काम आधी कॅसेटवर भरून ठेव, न जाणो काही बिघडलं तर. तिनं "आधी टेप" म्हटल्याशिवाय व्यंकट पुढं जायचा नाही.

बटणांना मात्र तिची बोटं लागली नव्हती. तुझे हात कधी पिठाचे तर कधी शेणाचे, व्यंकट म्हणायचा. एकदाच लागली.

एक टोपलीचा खेळ होता. वरून फळं पडतात, टोपली सरकवून ती झेलायची. तो खेळ त्यांनी किती वेळा टाइप केला असेल! दर वेळी अर्ध्यावर लाईट जायची आणि सगळं पुसलं जायचं. होता होता अंजूला तो कागद पाढ्यासारखा पाठ झाला. एका दुपारी मात्र शेवटच्या ओळीपर्यंत गाडी आली. व्यंकट पाणी प्यायला उठला. हात लावू नकोस, एवढं बजावून गेला. अंजूनं पाहिलं, बटणं कानाच्या पाळीसारखी मऊ दिसत होती. तिनं एक दाबलं. एकच.

आणि पंखा थांबला. टीव्ही मिटला. लांब गिरणीचा पट्टा सुस्कारा टाकून बंद पडला.

गिरणी बंद पडली म्हणजे लाईट गावाची गेली, हे मेहकरातल्या लहान लेकरालाही कळत होतं. व्यंकटलाही कळलं असणार. पण तो धावत आला आणि पहिलं वाक्य बोलला ते हेच, "हात लावलीस व्हय?" त्यानंतर अंजूनं हात लावला नाही. लग्न होईपर्यंत ती वाचतच राहिली, आणि लग्नात अप्पांनी घरातली सगळ्यात भारी वस्तू म्हणून तो टेपरेकॉर्डर तिच्या सामानात ठेवला. टेप गेला, वाचणारीही गेली. व्यंकटनं मशीन गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकलं.

वाचण्यानं मात्र अंजूची पाठ सोडली नाही. भालकीच्या कॉलेजातून ती बी.ए. झाली आणि हुलसूरात आली, तेव्हापासून गल्ली तिला वाचणारी म्हणून ओळखते. श्रावणात पोथी वाचायची अंजूनं, पूजा करायची दुसरीनं. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर अंजूनं वाचायचं, फवारा मारायचा गड्यानं. बाणूबाईच्या सुनेनं मोबाइलवर बघून केक केला, तेव्हाही कृती वाचायला अंजूच उभी होती. केकवर नाव घातलं सुनेनं. अंजूला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाचायला तिला मनापासून आवडायचं. तिला वाटायचं, एक जागा तर आपली पक्की आहे.

आणि आता त्याच जागेवर शिवलीला बसली होती. वर तिची कानडी घरची! आकडे ती पाठ करून म्हणत नसणार. ते तिच्या तोंडून पाण्यासारखे वाहत असणार.

"टेप आज द्यायचा न्हाई," अंजू व्यंकटला म्हणाली. "त्याचं हेड घासलेलं हाय, सांभाळून आणावं लागतं. मी आणते."

व्यंकटला यात काही वावगं दिसलं नाही. पाहुणे गेल्यावर धनराजनं मात्र बरोबर नेम धरला. तुझ्या भावाला टेप पायजे, तर तू कामून जायलीस, तो म्हणाला. अंजूनं रुमाल काढून टेपवरची धूळ पुसली, कानाकोपऱ्यातली काडीनं काढली.

*

मंगळवारी ती बीदरच्या बसमध्ये बसली. टेपरेकॉर्डर जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर. शेजारच्या बाईनं आत काय म्हणून विचारलं, तर टेप म्हणाली, आणि त्या बाईला वाटलं दुरुस्तीला चाललाय. अंजूच्या मनात वेगळंच चालू होतं. वैनी वाचतील कशा? घाईघाईनं? खुणा चुकतील का? एखादा डूल राहून जाईल का? राहू दे, असं तिला वाटलं, आणि वाटल्यावर तिनं खिडकीबाहेर बघितलं. तांबड्या मातीवर ऊन नुसतं पेटलं होतं.

व्यंकट कॉलेजात कॉमर्स शिकवायचा, त्याला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मागच्या खोलीत त्यानं संसार मांडला होता. टेबलावर काळी पेटी, तिच्यामागं बुटका, पोट सुटलेला टीव्ही. अंजू दारातच उभी राहिली. तिच्या आठवणीत ते मशीन केवढंतरी मोठं होतं. हे तर पोळपाटाएवढंही नव्हतं. पण बटणं तीच होती. मऊ, करडी.

बाजूला दोन खुर्च्या. एक मशीनपुढं, दुसरी जरा तिरपी, उजव्या हाताला. तिरप्या खुर्चीवर पातळ गादी होती आणि खुर्चीच्या पाठीवर शिवलीलाचा चष्मा दोरीनं लटकत होता.

अंजूला बसायला पलंग मिळाला.

टेप जोडला. व्यंकटनं बारक्या स्क्रू ड्रायव्हरनं हेडचा कोन साधला, आवाजाचं चाक पुढंमागं केलं, आणि एकाएकी ती कर्रर किर्रर खोलीत भरली. व्यंकटनं अंजूकडं पाहिलं. त्या एका नजरेत मेहकरची सगळी उन्हाळी दुपार होती, आणि अंजूला वाटलं, आल्याचं चीज झालं. पण जुन्या कॅसेटमधून पट्टे तेवढे पळाले. आतलं काही उठलं नाही. एवढ्या वर्षांत कॅसेट नुसती आवाज करायला उरली होती.

मग पुन्हा टाइप करू, व्यंकट म्हणाला. त्यानं गठ्ठ्यातून एक पिवळं पडलेलं मासिक काढलं. टोपलीचा खेळ! मेहकरात जो कधी पुरा झाला नाही, तो आज पुरा करायचा. अंजू पलंगावरून अर्धी उठलीसुद्धा. पण मासिक व्यंकटनं सवयीनं उजवीकडं दिलं आणि शिवलीलानं चष्मा चढवला.

अंजूपुढं शेंगांची परात होती. ती सोलायला लागली.

शिवलीला छान वाचत होती, हेच तर दुखत होतं. ती घाई करत नव्हती. ओळ संपली की दम घ्यायची, व्यंकटचं बोट थांबलं की पुढं जायची. मोठा शब्द आला की नुसता सूर बदलायची. या मशीनची गंमतच अशी की एका बटणात अख्खा शब्द असतो, आणि त्या सुरावरूनच व्यंकट योग्य बटणावर जायचा. नवराबायकोला वर बघायची गरजसुद्धा पडत नव्हती. अंजूच्या काळात भांडणं व्हायची, चिमटे निघायचे. इथं संथ, गोड चाललं होतं. शेंगेचं टरफल अंजूच्या हातात जरा जोरातच मोडत होतं.

शब्द संपले, आकडे सुरू झाले. एका पाठोपाठ एक आकड्यांच्या ओळी. हे आकडे म्हणजे खेळाचं काळीज, त्यात एक चुकला की सगळं आडवं. शिवलीला कानडीत म्हणत होती आणि अंजूच्या मनात तेच आकडे अर्धा श्वास आधी उमटत होते. एवढ्या वर्षांनी! तिचं तिलाच नवल वाटलं.

मधेच वरून एअरफोर्सचं विमान गेलं. बीदरात विमान जातं तेव्हा बोलणारे बोलायचे थांबतात आणि ते गेलं की तुटलेल्या शब्दापासून पुन्हा बोलायला लागतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. शिवलीलाही थांबली, चष्मा पुसला, विमान गेलं आणि पुढं वाचू लागली.

पण ती एक ओळ खाली गेली होती.

अंजूच्या मनात दुसरा आकडा होता आणि कानावर दुसरा पडला. तिचा हात शेंगेवर थांबला. सांगायला एक शब्द पुरला असता. तो ओठापर्यंत आलाही. तिनं शिवलीलाच्या खुर्चीवरची गादी पाहिली, नीट इस्त्री केलेला पदर पाहिला, आणि शेंग फोडली. दाणा तोंडात टाकला.

शेवटची ओळ झाली. आता "आधी टेप" म्हणायचं असतं. शिवलीलाला ते ठाऊक नव्हतं. घरात आजवर टेपच नव्हता. व्यंकट तर पोरासारखा उतावळा झालेला. अंजू तेही बोलली नाही. व्यंकटनं खेळ सुरू करायचं बटण दाबलं.

पडदा काळा झाला, थरथरला, मग कोरा झाला आणि खाली कंपनीचं नाव नि जुनं साल तेवढं उमटलं. मशीन नुकतंच चालू केल्यासारखं. दुपारभराच्या कामातलं एक अक्षर शिल्लक नव्हतं.

व्यंकट पडद्याकडं बघतच म्हणाला, "अंजू वाचायची तवा असं होत न्हवतं."

हे वाक्य ऐकायला अंजू हुलसूराहून आली होती. ते ऐकून तिला गार पाणी प्यायल्यासारखं झालं. पण घोट पोटात उतरायच्या आत तिला शिवलीलाचा चेहरा दिसला. शिवलीलानं चष्मा काढला, मासिक टेबलावर नीट बंद करून ठेवलं आणि चहा टाकते म्हणून उठली.

अंजू शेंगदाण्यांची परात घेऊन मागोमाग स्वयंपाकघरात गेली. शिवलीलानं गॅस पेटवला, पातेलं ठेवलं. पाठ फिरवूनच होती.

"अंजूअक्का," ती शांतपणे म्हणाली, "मी ती ओळ सोडली, तवा तुमच्या शेंगा थांबल्या होत्या."

अंजूनं नाही म्हटलं नाही. तेवढं तिच्यानं झालं नसतं.

"मला उशिरा कळलं," शिवलीला म्हणाली. "बटण दाबलं तवा कळलं. मला वाटलं, अक्का बसल्यात, चुकलं तर त्या सांगतील." साखर घालता घालता ती पुढं बोलत राहिली, चढ्या आवाजात नाही, भाजी निवडत बोलावं तशी. या घरात आल्यापासून ती हेच ऐकत आली होती. अंजू असं करायची, अंजूला हे पाठ होतं. डूल, नागोबा, विळा ही नावं तिनं हौसेनं घेतली नव्हती. तिनं आधी तिची कानडी नावं ठेवून पाहिली, पण व्यंकटच्या बोटांना ती कळेनात. त्याची बोटं अंजूच्या नावांनीच चालायची. "मशीन मी शोधली, पुसली मी. खुर्चीपण माझी. पण हे माझ्या आवाजामागं तुमचाच आवाज ऐकत्यात. मला किती जळायला होतं, तुम्हांला काय ठाऊक!"

अंजू परातीतले दाणे उगीच चाळत राहिली. आपण जिचा हेवा करत बसलो, ती आपलाच करत होती, हे कळून बरं वाटावं की रडू यावं हे तिला ठरवता येईना. थोडंसं बरं वाटलं, हे खरं. ते बरं वाटणं किती ओशाळवाणं होतं, हेही खरं.

"तुमचा एक किस्सा तर हे सगळ्यांना सांगत्यात," शिवलीला कपात चहा गाळत म्हणाली. "ग्रुपवर पण सांगितला. आमच्या अंजूनं एक बटण दाबलं अन् अख्ख्या मेहकरची लाईट गेली म्हणून. लोक पोट धरून हसले."

"हसले?"

"हे पण हसत्यात. कामून, तसं झालंच न्हवतं का?"

झालं होतं. बटण दाबलं होतं आणि लाईटही गेली होती. फक्त भावासाठी तो किस्सा होता. त्याच्या लेखी ती गोष्ट त्याच संध्याकाळी, लाईट परत आली तेव्हाच, संपली होती. आणि अंजू आपला हात पदराखाली धरून एवढी वर्षं बसली होती. फोनवर ती रोज लिहायची, हैदराबादला नोकरी करणाऱ्या लेकीला, स्नेहाला, इंग्रजीतसुद्धा लिहायची. पण मघाशी त्या करड्या बटणांपुढं उभी राहिली, तेव्हा तिनं नकळत हात मागं घेतले होते.

तिला आता कळलं, खुर्ची चुकली होती. हेवा करायचा तर तिरप्या खुर्चीचा करायचा नव्हताच. तिथं ती आयुष्यभर बसली होती. ती जळत आली होती मशीनपुढच्या खुर्चीवर, आणि राग काढत होती तो तिरप्या खुर्चीतल्या बाईवर.

चहा घेऊन दोघी परत आल्या. व्यंकटनं चेहरा सावरला होता. जिन्याखालचा इन्व्हर्टर पुरा भरलाय, लाईटीची चिंता नाही, रात्र व्हायच्या आत पुन्हा सगळं बसवता येईल, असं तो सांगू लागला. मग जरा चाचरत त्यानं बायकोकडं पाहिलं.

"लीला, तुझा घसा दमला असंल. आता अंजू वाचू दे. काय गं अंजू?"

शिवलीलानं खुर्चीच्या पाठीवरचा चष्मा काढून घेतला, गादी झटकली आणि मासिक उघडून अंजूपुढं धरलं. टोपलीचा खेळ. पानाच्या कडेला मेहकरच्या पिठाचा, नाहीतर हळदीचा, एक फिकट डाग अजून होता.

अंजूनं मासिक घेतलं. वजन ओळखीचं होतं. सगळे आकडे आपापल्या जागी उभे होते, तिची वाट बघत. तिनं पान डोळ्यांपुढं धरलं, मग खाली केलं, आणि परत शिवलीलाच्या हातात दिलं.

"वैनींनी मघाशी एक ओळ सोडली, ते मला कळलं होतं," ती भावाला म्हणाली. "मी सांगितलं न्हाई. चूक माझी हाय, त्यांची न्हाई."

व्यंकटनं आधी तिच्याकडं, मग बायकोकडं पाहिलं.

अंजूनं पदरानं हात पुसले. आधी तळवे, मग एकेक बोट, पिठाचे नव्हते तरी.

"वाचायचं वैनींनाच येतं चांगलं. त्यांना वाचू दे," ती म्हणाली. "तू ऊठ, अण्णा. बटणं आज मला दाबू दे."